गवत पेटते, हे कोणाला ठाऊक नसते?

सुन त्झूच्या नावावर असलेला युद्धकलेवरचा प्राचीन चिनी ग्रंथ अवघ्या 13 प्रकरणांचा आहे. तो वाचून संपला की अनेकांना थोडी फसगत झाल्यासारखे वाटते. रसद नसेल तर सैन्य टिकत नाही, युद्ध लांबले की राज्य खंक होते, शत्रूची आणि आपलीही ताकद आधी ओळखावी. एवढे सांगायला ग्रंथ कशाला हवा? कौटिल्याचे अर्थशास्त्र कितीतरी मोठे, 15 अधिकरणांचे. पण दाद मागायला आलेल्यांना राजाने दारात ताटकळत ठेवू नये, असली वाक्ये तिथेही भेटतात. ती कोणाच्याही घरातल्या आजोबांनी सांगितली असती.

यातली काही वाक्ये लिहिली गेली तेव्हा मात्र उघड नव्हती. शत्रूची बातमी देवाच्या कौलातून मिळत नाही, ती माणसांकडूनच काढावी लागते, असे सुन त्झू हेरांविषयीच्या शेवटच्या प्रकरणात बजावतो. हाडे आणि कासवाची कवचे तापवून, त्यांना पडलेल्या भेगांवरून मोहिमेचा कौल घेण्याची चीनमधली प्रथा त्याच्याही शेकडो वर्षे आधीची होती. कौटिल्यही म्हणतो की सतत नक्षत्रे विचारत बसणाऱ्याच्या हातून धन निसटते. गंमत अशी, की त्याच्याच ग्रंथातल्या वेतनाच्या यादीत मुहूर्त आणि शकुन सांगणाऱ्यांना 1000 पण नेमून दिलेले आहेत. मुहूर्तवाला जिथे दरबारचा पगारी नोकर, तिथे ते वाक्य लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. वाद निकालात निघाला की हरलेली बाजू विस्मरणात जाते, आणि जिंकलेली बाजू पुढच्या पिढ्यांना बाळबोध वाटू लागते. अर्थात प्रत्येक सपाट वाक्यामागे असा वाद दडलेला नसतो. काही वाक्ये नुसतीच सपाट असतात.

अशी साधी वाक्ये लिहावी लागण्याचे दुसरे कारण अधिक अवघड आहे. माहीत असणे आणि वेळेवर सुचणे यांत अंतर असते, आणि सुचले तरी ते करता येईलच असे नाही. 1812 साली नेपोलियनविरुद्ध रशियाच्या बाजूने लढलेल्या क्लाउझेवित्झने या अंतराला घर्षणाची उपमा दिली. कागदावर सोपी वाटणारी हालचाल पाऊस, थकवा, चुकलेला निरोप आणि भीती यांना घासत घासत अवघड होत जाते. पानिपतावर रसदेचे महत्त्व सदाशिवरावभाऊंना ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. लष्कराबरोबर बायकामुले आणि यात्रेकरूंचा मोठा लवाजमा होता. तो मागे ठेवावा असा सल्ला सुरजमल जाटाने दिला होता, असे सांगितले जाते. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला आणि छावणीची रसद तुटत गेली. 14 जानेवारी 1761 रोजी सैन्य बाहेर पडले ते उपाशीपोटी. सल्ला चुकीचा नव्हता आणि नवाही नव्हता. तो मानायचा तर शेकडो घरांची नाराजी पत्करावी लागली असती.

मोठ्या माणसाला साधी गोष्ट सांगणे कठीण असते. हाताखालच्याने ती सांगितली तर उद्धटपणा ठरतो, बरोबरीच्याने सांगितली तर टोमणा. ग्रंथाला मानपानाची ही अडचण नसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे आणि एकाच झऱ्यावर विसंबू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. एकदा ते राजाज्ञेत आले की कारकुनालाही त्यावर बोट ठेवून सरदाराला अडवता येते.

याचा सर्वात बारकाईचा नमुना ग्रंथात नसून एका पत्रात आहे. 1670 च्या दशकात चिपळूण तालुक्यात छावणी करून असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते शिवाजी महाराजांकडून गेले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळला तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरून दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणतील. कुणबी गाव सोडून जातील आणि त्यांना हे लष्कर मोगलांपेक्षा वाईट वाटेल. त्यानंतर पत्र आणखी खाली, थेट जमिनीवर उतरते. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी विस्तव नेईल. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताच्या गंजीला आग लागेल आणि सगळी पागा बुडेल.

गवत पेटते हे त्या अनुभवी घोडेस्वारांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण दिवा विझवणे हे नेमके कोणाचे काम, हे अशा छावणीत सहज अधांतरी राहते. जो तो मानतो की दुसऱ्याने विझवला असेल. पत्राने ते काम थेट हुद्देदारांच्या गळ्यात घातले. गंज पेटलीच असती, तर उंदरावर खापर फोडून त्यांना सुटता आले नसते.