कान्होबांचा वाटा



कीर्तन आटोपून बुक्का लावताना मला पुष्कळदा कोणी तरी विचारी, "महाराज, देव न्यायी आहे म्हणता, मग पाप्याला क्षमा कशी करतो? आणि क्षमा केली, तर ज्याचे नुकसान झाले त्याचे काय?" आता सत्तरी उलटली, गळा थकला, कीर्तन सुटले. उत्तर मात्र आमच्या कासारसाईपासून जवळच, देहूला सापडले.

1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, दुकान बसले. वडिलोपार्जित सावकारीची खते तेवढी घरात होती. महाराजांनी ती इंद्रायणीत बुडवली, हे आपण सारे सांगतो. पण चरित्रातली मधली गोष्ट घाईत राहून जाते. आधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले. निम्मी खते धाकटे बंधू कान्होबांना दिली आणि मग फक्त आपला वाटा डोहात सोडला.

विचार करा, सगळीच खते बुडवली असती तर? देणेकरी सुटले असते, पण भावावर अन्याय झाला असता. ज्याचे त्याला देणे हा न्याय, आपले सोडणे ही दया. दुसऱ्याच्या पदरचे सोडून दयाळू होता येत नाही. म्हणून कोणाचे देणे बुडवून, कोणाचा बांध कोरून नुसती देवाची क्षमा मागू नका. ते खत कान्होबांच्या वाट्याचे आहे. आधी ज्याचे त्याला पोचते करा.

आणखी एक. महाराजांनी देणेकऱ्यांना दारात बोलावले नाही. कागदच पाण्यात गेला. कोणाकडे किती येणे होते, हे पुढे कोणाला वाचता आले नाही. कर्ज गेले आणि माणसाची पतही राहिली.

हे कळायला मला स्वतःची चूक व्हावी लागली. एका शेतकऱ्याला मी बैलासाठी पैसे दिले होते. पीक गेले, त्याला फेडता येईना. मी ते सोडले. पुढे सप्ताहात क्षमेचे निरूपण करताना दृष्टांत म्हणून तेच सांगून बसलो. नाव घेतले नाही, पण गाव लहान. माना त्याच्याकडे वळल्या. तो माझ्या मागे टाळ घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. दोन वर्षांनी सगळे पैसे माझ्या ओट्यावर ठेवून मुकाट्याने निघून गेला. मी सोडले ते पैसे आणि घेतली ती त्याची अब्रू. त्याच्या घरी जाऊन मी त्याच्या पाया पडलो. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो ना, ते कशासाठी, हे त्या दिवशी समजले.

कचेरीत न्याय देणारा बसलेला असतो आणि आरोपी उभा. पंढरीत देवच उभा आहे. आपण पायांवर डोके ठेवतो, तेव्हा आपले सारे खाते त्याला ठाऊक असते. पण मागच्या वारकऱ्याला तो ते वाचून दाखवत नाही.

आपणही कोणाला क्षमा कराल, तेव्हा एवढे सांभाळा.

रामकृष्णहरि.