चांगला निघाला!

मराठीतल्या 'निघणे' या क्रियापदाची मला नेहमी मौज वाटत आली आहे. कलिंगड लाल निघते, नारळ नासका निघतो. आणि त्याच चालीवर जावई चांगला निघतो, भाडेकरू खट निघतो, धाकटा मुलगा हुशार निघतो. आत काहीतरी होते, ते आपल्याला बाहेरून दिसत नव्हते, आणि काही काळाने ते बाहेर आले, एवढाच या बोलण्याचा अर्थ. कलिंगडाच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. आपण टिचक्या मारतो, देठ पाहतो, विक्रेत्याच्या शपथा ऐकतो. पण सुरी चालली की वाद मिटला. माणसाच्या बाबतीतही हे इतकेच खरे आहे काय? हा प्रश्न मला पडला तो लग्नघरात नव्हे, तर दूर अमेरिकेत, आणि तोही तिथल्या एका दांडगाईच्या खेळाच्या निमित्ताने.

माझा भाचा बरीच वर्षे बॉस्टनजवळ राहतो. एका वसंतात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा घरात परीक्षेच्या निकालासारखे वातावरण होते. चौकशी करता कळले, की फुटबॉलचा 'ड्राफ्ट' चालू आहे. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातानेच अधिक चालवायचा. व्यावसायिक संघ बत्तीस. कॉलेजांतून बाहेर पडणारे उत्तम खेळाडू दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस तीन दिवसांत या संघांमध्ये वाटून घेतले जातात. फेऱ्या सात, नावे अडीचशेच्या आसपास. ज्या संघाची गेल्या हंगामात सर्वांत दुर्दशा झाली त्याला पहिला हक्क, विजेत्याला शेवटचा. ही कल्पना १९३५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी मांडली, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला. बेलसाहेबांचा संघ त्या हंगामात तळाशी होता, एवढे सांगितले म्हणजे या समतावादाचा उगम वाचकांच्या ध्यानात येईल.

निवडण्यापूर्वी पारख किती म्हणून करावी! फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक तरुणांना बोलावतात. उंची मोजतात, वजन घेतात, पंजाची लांबी मोजतात, चाळीस यार्ड पळवतात, सव्वादोनशे पौंडांचे वजन छातीवरून कितीदा उचलतो ते पाहतात, वैद्य सांधे तपासतात. आपल्याकडचा बैलबाजार पाहिलेल्या माणसाला हे दृश्य फारसे परके वाटू नये. तिथेही शेपटी पिळून पाहतात, दात पाहतात.

आणि निवड झाली रे झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी जाणकार मंडळी प्रत्येक संघाला गुण देऊन मोकळी होतात. ज्या मुलाने अजून संघाचा गणवेशसुद्धा अंगात घातलेला नाही, त्याच्या निवडीचा निकाल लागलेला असतो. २०१२ मध्ये सिएटल सीहॉक्स या संघाला कित्येक परीक्षकांनी अगदी हलके गुण दिले होते. त्या वर्षी त्यांनी तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन हा सहा फुटांच्या आतला क्वार्टरबॅक घेतला होता आणि दुसऱ्या फेरीत बॉबी वॅग्नर. (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कोणाला द्यायचा हे ठरवणारा, संघाचा मेंदू.) २०१४ च्या फेब्रुवारीत तोच संघ याच मंडळींच्या बळावर विजेता झाला.

"मामा, यंदा आमच्यांनी पहिल्याच फेरीत माती खाल्ली," भाचा हातातला कागद आपटून म्हणाला.

"कशावरून?"

"कळेलच ना पाच-सात वर्षांत!"

"मग आज कसे कळले?"

तो हसला, आणि त्याची बायको आतून म्हणाली, "बरे विचारलेत, मामा!" पण गड्याने कागद काही खाली ठेवला नाही.

आता, पाच-सात वर्षांनी तरी कळते का? या खेळाच्या इतिहासात १९९८ चे एक प्रकरण फार गाजले आहे. त्या वर्षी दोन क्वार्टरबॅक सर्वांच्या तोंडी होते, पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. पहिला अधिक तयारीचा, दुसऱ्याचा हात अधिक जोरकस. दोघांत डावे-उजवे करताना जाणते लोकही अडखळत. पहिला हक्क होता इंडियानापोलिस कोल्ट्सचा. त्यांनी मॅनिंग घेतला. सॅन डिएगो चार्जर्सचा क्रमांक तिसरा होता. त्यांनी एकच पायरी वर चढण्यासाठी ॲरिझोनाच्या संघाला आपला तिसरा क्रमांक, दुसऱ्या फेरीतला एक, पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतला एक आणि वर दोन कसलेले खेळाडू दिले. आणि लीफ घेतला. पुढे मॅनिंग दोनदा अजिंक्यपद जिंकणारा, पाच वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला महापुरुष झाला. लीफ तीन वर्षांत सॅन डिएगोहून गेला आणि २००२ पर्यंत खेळातूनच बाहेर पडला. तेव्हापासून लहान पोरेही सांगतात: मॅनिंग चांगला निघाला, लीफ वाईट निघाला.

पण जरा तारखा पाहू. १९९८ चा हंगाम संपला तेव्हा मॅनिंगने अठ्ठावीस वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती फेकला होता. नवख्या खेळाडूचा तो उच्चांक होता. त्याचा संघ सोळापैकी तीन सामने जिंकला. लीफच्या संघाने पाच जिंकले. त्या दिवशी कोणी निकाल लावला असता तर? पुढच्याच वर्षी कोल्ट्सनी तेरा सामने जिंकले. म्हणजे उत्तरपत्रिका कोणत्या दिवशी तपासली यावर परीक्षकाचे शहाणपण अवलंबून!

बरे, आणखी पुढे चला. लीफच्या पायी चार्जर्स इतके खाली गेले, की २००० मध्ये सोळापैकी एकच सामना त्यांच्या हाती लागला. तळाशी गेल्यामुळे २००१ चा पहिला हक्क त्यांच्याकडे आला. या खेपेस त्यांनी तो अटलांटाला दिला, मोबदल्यात खालचे क्रमांक घेतले, आणि पाचव्या क्रमांकावर लॅडेनियन टॉमलिन्सन व बत्तिसाव्या क्रमांकावर ड्रू ब्रीझ हे दोन रत्नांसारखे खेळाडू मिळवले. मग लीफची निवड वाईट म्हणायची की चांगली? जमाखर्चाची वही नेमक्या कोणत्या पानावर मिटायची? फळावरून झाडाची परीक्षा करा म्हणणाऱ्यांनी हे सांगितले पाहिजे, की फळ पिकले असे केव्हा धरायचे.

याच्या उलट गोष्ट न्यू इंग्लंड पेट्रियट्सची. हा माझ्या भाच्याचा संघ, म्हणून ती मला अनेकदा ऐकावी लागली. २००० साली सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर, त्यांनी टॉम ब्रेडी नावाचा एक हडकुळा मुलगा घेतला. चाळीस यार्ड पळायला त्याला सव्वापाच सेकंदांहून अधिक वेळ लागला होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्याने पुढे या संघाला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली, आणि सातवे टॅम्पा बे संघाला. जगातली सर्वांत दूरदृष्टीची निवड म्हणून तिचे गोडवे गातात. पण दूरदृष्टी होती तर १९९ व्या क्रमांकापर्यंत थांबले कशाला? खुद्द पेट्रियट्सनी त्याच्याआधी दुसरी सहा नावे पुकारली होती. त्यांतला एक, पाचव्या फेरीतला, त्यांच्यासाठी एकही सामना खेळला नाही. संघाचे त्या वेळचे एक प्रमुख पारखी स्कॉट पियोली यांनी म्हणे त्या खेळाडूचे छायाचित्र आपल्या टेबलावर ठेवले होते: आपण स्वतःला समजतो तितके शहाणे नाही, याची आठवण म्हणून. ब्रेडीचे छायाचित्र ठेवणे किती सोपे होते! या एका गोष्टीसाठी मला त्या गृहस्थांविषयी आदर वाटतो.

आणि ब्रेडीला खेळायला मिळाले तरी कसे? संघाकडे ड्रू ब्लेडसो नावाचा नामांकित क्वार्टरबॅक होता. २००१ च्या मार्चमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरांहून मोठा करार झाला होता. २३ सप्टेंबरला एका धडकेत त्याच्या छातीत रक्तस्राव झाला, आणि ब्रेडी मैदानात उतरला. फेब्रुवारीत संघ विजेता. एका माणसाची रक्तवाहिनी फुटली नसती तर दुसऱ्या माणसाची दूरदृष्टी कदाचित कधीच सिद्ध झाली नसती.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन पंडितांनी ही सगळी आकडेमोड करून २०१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. (थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) एखाद्या जागेसाठी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच त्याच्यामागून निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती? त्यांचे उत्तर: शेकडा बावन्न. नाणे उडवले तर पन्नास. एवढी मोजमापे, एवढे वैद्य, एवढ्या चित्रफिती, त्या सगळ्यांची कमाई शेकडा दोन! आणि तरीही संघ आधी निवडण्याच्या हक्कासाठी अवाच्या सव्वा किंमत मोजत राहतात, असेही त्यांनी दाखवले.

मग कोणी म्हणेल, की झाले तर! फळ आपल्या हातात नाही, म्हणून निवडणाऱ्याला दोष देऊ नका. हे तत्त्वज्ञान आपल्याला आजीच्या मांडीवरच मिळालेले आहे. पश्चिमेतही १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी हाच काटा उपसून पाहिला: नशिबाने जे घडते त्याचे श्रेय-अपश्रेय आपण माणसाच्या नीतीच्या खात्यावर का मांडतो? प्रश्न खरा आहे. पण 'फळ हातात नाही' हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभते तेही पाहावे लागते. जो वाटेल तसा पैसा उधळून, वाटेल तशी माणसे हलवून शेवटी हात झटकतो, त्याने ते उच्चारले तर ते तत्त्वज्ञान नव्हे, पळवाट आहे. किती कचेऱ्यांत, किती समित्यांवर ही पळवाट आपण पाहिली आहे! 'आम्ही सगळे नियमाने केले होते.'

मला वाटते, निवडणाऱ्याला गुण द्यायचेच तर फळाकडे न पाहता दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, आपल्याला किती थोडे दिसते आहे याची त्याला जाणीव होती काय? चार्जर्सनी लीफ निवडला यात मला मोठा दोष दिसत नाही. त्यांच्या जागी असते तर कित्येकांनी तेच केले असते. दोन मुलांत डावे-उजवे करणे अवघड आहे हे ठाऊक असताना एका पायरीसाठी दोन वर्षांची पुंजी ओतली, हा दोष आहे, आणि तो त्याच दिवशी दिसण्यासारखा होता. त्यासाठी लीफने हरण्याची वाट पाहायला नको होती. चूक निवडीत नव्हती, खात्रीत होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: नाव पुकारल्यानंतर त्याने काय केले? इथेच आपले 'निघणे' फसवे ठरते. कलिंगड कापल्यावर बदलत नाही. बावीस वर्षांचा मुलगा निवडल्यानंतरच घडायला लागतो. मॅनिंग अठ्ठावीसदा चुकला, तरी कोल्ट्सनी त्याला वर्षभर एकाही सामन्यात बाजूला केले नाही. त्याला डावपेच शिकवणारे टॉम मूर पहिल्या वर्षापासून दहा वर्षांहून अधिक काळ त्याच्यापाशी राहिले. लीफच्या पहिल्या हंगामात सहा सामन्यांनंतरच मुख्य प्रशिक्षकाला काढले, दुसरा तात्पुरता आला, पुढच्या वर्षी तिसरा. मुलाचेही वागणे साधे नव्हते. तिसऱ्याच सामन्यात पंधरा फेकींपैकी एकच साधली, मिळाले चार यार्ड, आणि दुसऱ्या दिवशी तो एका बातमीदारावर सगळ्यांदेखत खेकसला. तो दोष त्याचाच. कोल्ट्सकडे गेला असता तर सुधारला असता, असे मी म्हणत नाही. पण एक घर माणसाला चुकू देते आणि दुसरे घर दर वर्षी कर्ता पुरुष बदलते, हा फरक निवडीच्या गुणपत्रिकेत कुठल्याच रकान्यात बसत नाही. सून वाईट निघाली म्हणणाऱ्या घरांना हे मी वेगळे सांगायला नको.

अशा खेळाडूला तिकडे 'बस्ट' म्हणतात. म्हणजे फुसका निघालेला. मला हा शब्द क्रूर वाटतो, कारण त्यात एका जिवंत माणसाला दुसऱ्याच्या हिशेबातली चूक म्हणून नोंदवलेले असते. चुकलेली असते ती मालकाची अटकळ. नाव चिकटते मुलाला. लीफ पुढे व्यसनाच्या आहारी गेला, तुरुंगात गेला, २०१४ च्या अखेरीस सुटला, आणि नंतर व्यसनात सापडलेल्यांसाठी काम करू लागला. या तुरुंगाचे खापर मी कुणा संघावर फोडत नाही. पण या दुसऱ्या आयुष्याला गुण कोणी द्यायचे? चार्जर्सनी?

हा सारा खटाटोप सुरू झाला त्या १९३६ मध्ये सर्वांत पहिले नाव पुकारले गेले ते जे बर्वांगर या शिकागो विद्यापीठाच्या खेळाडूचे. आदल्याच वर्षी मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून त्याला एक करंडक मिळाला होता. त्याला आज हाइझमन करंडक म्हणतात. त्याने जो पगार मागितला तो ईगल्सना झेपेना. त्यांनी आपला हक्क शिकागो बेअर्सना दिला, तिथेही जमले नाही. पहिल्या ड्राफ्टचा पहिला मानकरी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. गुण द्यायचे तर शून्य. बर्वांगरने पुढे युद्धात नौदलाच्या वैमानिकांना शिकवले, मग रबराच्या आणि प्लास्टिकच्या वस्तूंचा स्वतःचा धंदा काढून तो नीट चालवला, आणि २००२ मध्ये भरल्या वयात तो गेला. तो करंडक ठेवायला घरात जागा नव्हती म्हणून त्याने आपल्या मावशीकडे दिला होता. बाईंनी कित्येक वर्षे तो दाराला अडसर म्हणून वापरला. वजनदार असल्यामुळे वाऱ्याने दार आपटत नसे.