व्याधी आणि वहिवाट

दंडकारण्य या नावाने मराठी वाचकाच्या मनात प्रथम जागा होतो तो रामकथेतला वनवास. परंतु नाशिकच्या पंचवटीपर्यंत ज्याच्या सीमा आपण श्रद्धेने आणून भिडविल्या आहेत, त्या अरण्याच्या आजच्या गाभ्याने, म्हणजे बस्तर, कोरापुट, मलकानगिरी आणि त्यांना लागून असलेल्या आपल्या गडचिरोलीने, गेल्या शतकात आणखी एक वनवास पाहिला आणि त्याची कथा कोणत्याही कीर्तनात सांगितली जात नाही. १९५८ साली केंद्र सरकारने दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले आणि पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या, पश्चिम बंगालच्या छावण्यांत सामावून न घेतल्या गेलेल्या, बहुतांशी नामशूद्र शेतकरी असलेल्या निर्वासितांना गोंड, कोया, मुरिया आदी आदिवासींच्या मुलखात वसविण्याचे ठरविले. तत्कालीन चांदा जिल्ह्यातही अशा बंगाली वसाहती झाल्या. मुलचेरा आणि चामोर्शी परिसरातील गावांत त्या आजही नांदत आहेत. ज्याची भूमी पायाखाली असूनही कायद्याने काढून घेतली गेली तो आदिवासी आणि ज्याची भूमी सरहद्दीपलीकडे राहिली तो निर्वासित, असे दोन समाज एकाच रानात समोरासमोर आले. आरोग्याची पाळेमुळे समाजरचनेत कोठवर गेलेली असतात हे समजून घेण्यास याहून बोलके क्षेत्र क्वचितच सापडेल.

आदिवासींच्या बाबतीत ही कथा १८७८ च्या जंगल कायद्यापासून सुरू होते. त्या कायद्याच्या धोरणाचे अनुकरण संस्थानांतही झाले आणि १९०५ मध्ये बस्तरच्या जंगलाचा दोन-तृतीयांश भाग राखीव करण्याचा प्रस्ताव पुढे आला. वेठबिगार, महागाई आणि अंमलदारांची जुलूमजबरदस्ती यांची त्यात भर पडून १९१० चा भूमकाल हा उठाव झाला. इतिहासकार या घटनेची नोंद राजकीय प्रकरणात करतात, आणि ते योग्यच आहे; पण तिची आणखी एक नोंद आहारशास्त्राच्या वहीत व्हावयास हवी होती. कारण फिरत्या शेतीतील कोसरा, कुटकी आणि डाळी, रानातले कंद आणि भाज्या, मोहाची फुले, नदीनाल्यांतले मासे आणि प्रसंगी शिकार, अशा विविध अन्नावर पोसलेल्या शरीराला जेव्हा राखीव जंगलाच्या हद्दीवर अडविण्यात आले, तेव्हा ताटातील एकेक पदार्थ नाहीसा होत गेला आणि शेवटी उरला तो सावकाराकडून उसना आणलेला, पुढे शिधापत्रिकेवर मिळू लागलेला तांदूळ. मातेच्या अंगात रक्त नाही, बालकाचे वजन भरत नाही, साधा हिवताप वा न्यूमोनिया प्राणांवर बेततो, या ज्या तक्रारी प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या नोंदवहीत पृथक्‌पृथक् लिहिल्या जातात, त्या एकाच दीर्घ प्रकरणाच्या शेवटच्या ओळी होत.

मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ च्या पावसाळ्याअखेर जे घडले ते या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. काही आठवड्यांच्या अवधीत सुमारे शंभर आदिवासी बालके आकडी येऊन, शुद्ध हरपून दगावली. प्रथम सर्व दोष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर आणि गावातील डुकरांवर ठेवण्यात आला. नंतर विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांच्या पथकाने तपासणी केली, तेव्हा अनेक मृत्यूंच्या मुळाशी विषाणू नसून टाकळ्याच्या कुळातील एका रानटी झुडपाच्या विषारी बिया पोटात जाणे आहे आणि कुपोषित देहात ते विष अधिक घातक ठरते, असा निष्कर्ष पुढे आला. विषाणू की बी, हा वाद तज्ज्ञांचा आहे आणि तो त्यांनीच करावा. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे: ज्या घरातले मूल भुकेच्या दिवसांत अशा शेंगांकडे वळते, त्या घराचे रिकामे मडके कोणत्या रोगनिदानात बसवावयाचे?

आता निर्वासितांकडे वळू. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील हा शेतकरी पाण्याने भरलेल्या खाचरांत धान पिकविणारा आणि मासळीवर जगणारा; त्याला मिळाली ती डोंगराळ भागातील, अल्पावधीत कोरडी पडणारी तांबडी माती, आणि तीही रायपूरजवळच्या माना येथील छावणीत सरकारी दानाच्या रांगेत वर्षे काढल्यावर. सिंचन अपुरे, भाषा परकी, ताप परिचयाचा नाही, आणि शेजारी ज्याचे रान गेले तो आदिवासी नाराज. अखेर १९७८ मध्ये यांतील हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेली. तेथे त्यांनी स्वतःच्या श्रमाने नलिका-विहिरी खणल्या, मासेमारी सुरू केली, शाळा आणि दवाखाना उभारला. अर्थात, आरोग्याचा जो सामाजिक पाया म्हणून पंडित मंडळी ग्रंथांतून सांगतात, तो या निरक्षर गणल्या गेलेल्या लोकांनी कोणाच्या उपदेशावाचून, वर्ष उलटण्यापूर्वी, घालून दाखविला. पण बेट राखीव जंगलात मोडत होते. जानेवारी १९७९ मध्ये नाकेबंदी होऊन अन्न आणि पाणी तोडण्यात आले, मे महिन्यात वसाहत उठविण्यात आली, आणि भूक, रोगराई व बळाचा वापर यांत किती जीव गेले याचा हिशेब आजतागायत वादग्रस्त आहे.

निर्वासितपणाच मुळी रोगकारक आहे, असे कोणी यावर म्हणेल, तर त्याने कल्याणजवळच्या उल्हासनगराकडे पाहावे. सिंधमधून आलेले लोक तेथील लष्करी बराकींत ज्या दाटीवाटीत राहिले, ती कोणत्याही छावणीला साजेशीच होती. तथापि, पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांच्या मागे राहिलेल्या मिळकतीचे दावे १९५४ च्या नुकसानभरपाई कायद्याने मान्य झाले, आणि मुंबईसारखी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती. पूर्वेकडून आलेल्यांस तो कायदा लागूच नव्हता. एकाच फाळणीची ही दोन अपत्ये. एकाला दावेदार मानले गेले, दुसऱ्याला आश्रित. पुढील पिढ्यांच्या प्रकृतीत जो फरक पडतो तो बव्हंशी या दोन दर्जांमधील अंतरातून पडतो, असे माझे मत आहे.

मग औषधोपचार निरर्थक काय? असा निष्कर्ष काढणे म्हणजे तर्काचा अतिरेक होय, आणि वस्तुस्थितीही त्याच्या विरुद्ध आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धातून सुटून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याची सलाईन संपत आली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाण्यातले मिश्रण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांवर सोपविले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्या उपायाने शेकडा चाराच्या खाली आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली, अगदी सुई टोचण्यापर्यंत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या दोन्ही प्रसंगांत जमिनीचा एक गुंठाही कोणाला मिळाला नव्हता, हे खरे. परंतु दोन्ही ठिकाणी एक अधिकार हस्तांतरित झाला होता: जे ज्ञान वैद्यांच्या खास मिळकतीत मोडत होते, त्याची वहिवाट आप्तांना आणि खेड्यातील बायांना मिळाली. तेव्हा माझ्या सिद्धान्ताला हे अपवाद नव्हेत. औषधाच्या क्षेत्रातच त्याला मिळालेला हा दुजोरा आहे. मात्र जो रुग्ण बनगावात वाचला तो पुन्हा त्याच चिखलात, त्याच पाण्यावर राहावयास गेला, हेही विसरता कामा नये.

वाट अगदीच अज्ञात आहे असेही नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये आपल्या जंगलावरील सामूहिक हक्काचा दाखला मिळाला, आणि २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभा स्वतः देऊ लागली. बांबूचे उत्पन्न गावात राहिले की उन्हाळ्यात मजुरीसाठी परमुलखात जाण्याची सक्ती सैल होते. गर्भवती स्त्री घरी राहते, मुलाची लस चुकत नाही, पोषणाचा खर्च कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहत नाही. हे वैद्यकशास्त्र नव्हे, पण त्याचे फळ आरोग्य हेच आहे.

डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने देशातील दहा कोटींहून अधिक आदिवासींच्या आरोग्याचा अहवाल २०१८ मध्ये सरकारला सादर केला. अहवाल येतात, योजना निघतात. तरीही एखाद्या पाड्यावर वा वसाहतीत मूल दगावले की चौकशीचा तगादा लागतो तो परिचारिकेमागे आणि आरोग्यसेवकामागे, म्हणजे साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीमागे. ही रीत बदलली पाहिजे. अशा प्रत्येक मृत्यूच्या चौकशीत त्या कुटुंबाचा वनहक्काचा दावा कोणत्या टेबलावर किती वर्षे पडून आहे, जमिनीचा पट्टा का मिळाला नाही, जातीचा वा नागरिकत्वाचा दाखला कोणत्या शेऱ्याने परत गेला, आणि मायबाप गाव सोडून कोणाच्या भट्टीवर राबत होते, हे विचारले गेले पाहिजे. आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जबानीबरोबरच तहसीलदाराची आणि वनाधिकाऱ्याचीही जबानी त्याच मिसलीत नोंदविली गेली पाहिजे. हे होत नाही तोवर आरोग्य खाते आपल्या औषधांनी इतर खात्यांच्या दोषांची भरपाई करीत राहील, आणि ती भरपाई नेहमीच अपुरी पडेल.