सुचलेलं बैठकीत सांगताना



कोल्हार-भगवतीपूरच्या बसथांब्यावर सकाळी कामाला निघालेल्या बायका भेटतात. कुणी लोणीला रुग्णालयात ड्युटीवर, कुणी शाळेत, कुणी बँकेत. त्यांच्या गप्पांकडे कान दिला, तर घरच्या विषयांइतकंच कामाचंही बोलणं चाललेलं असतं. "अगं, डिस्चार्जचे कागद सकाळीच तयार ठेवले तर नातेवाईक दुपारपर्यंत ताटकळणार नाहीत." "एकच हिशेब दोन रजिस्टरांत कशाला लिहायचा?" सूचना नेमकी असते, रोजच्या अनुभवातून आलेली असते. पण महिन्याच्या बैठकीत साहेबांनी "कुणाला काही सांगायचंय का?" असं विचारलं, की हीच बाई वहीत मान घालते.

ती भित्री असते म्हणून नव्हे. आधी बोललेल्या एखादीला "तुम्ही तुमचं काम बघा" असं उत्तर मिळालेलं तिने पाहिलेलं असतं. एखादीची कल्पना दुसऱ्याच्याच नावावर खपलेली असते. अशा ठिकाणी गप्प बसणं हा शहाणपणाच ठरतो. मग आत्मविश्वास येतो कुठून?

याचं एक उत्तर आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला सापडतं. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगाव प्रशिक्षित नर्स नेमायची, असा पहिला बेत होता. पण परक्या गावात एकटीने राहणं त्या तरुण मुलींना जड गेलं आणि गावालाही त्या परक्याच वाटल्या. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला आरोग्यसेविका म्हणून तयार करायचं, असं ठरलं. निवडलेल्या बायकांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकजणी दलित वस्त्यांमधल्या होत्या, गावच्या सभेत ज्यांना कधी कुणी मत विचारलं नव्हतं अशा.

या बायका दर आठवड्याला जामखेडला जमत. तिथे डॉक्टर शिकवत आणि बायकाही सांगत: गरोदरपणात नीट जेवा हे घरात कुणाला पटतं, कुणाला पटत नाही, जुलाब झालेल्या बाळाला पाणी द्यायला सासू का नको म्हणते. गावातली अडचण त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांचं बोलणं ऐकलं गेलं, त्यावरून काम ठरत गेलं. वजनं, जन्म, मृत्यू यांच्या नोंदी हाताशी असल्यामुळे बोलण्याला वजन आलं. १९७१ च्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे १७६ बालकं दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास उतरला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी मांडलं ते असं: मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर आणि महागडे, आम्ही पणतीसारख्या, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. गावच्या सभेत मागे बसणारी बाई जगभरच्या तज्ज्ञांपुढे आपल्या कामाची बाजू मांडत होती. त्यामागे कित्येक वर्षांच्या आठवडी बैठका होत्या.

दुसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढण्यासाठी अर्ज केला, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज सांगायला लावा, तुमच्याआधी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. पुढे व्यवहारासाठी कार्ड आणि पिन क्रमांक देण्याचा विचार झाला, तेव्हा खातेदार बायकांनीच तो अडवला. पिन कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? सूचना मान्य झाली आणि व्यवहार अंगठ्याच्या ठशावर होऊ लागले. ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला होता, तोच आता खात्याची राखण करू लागला.

दोन्हीकडे बायका एकट्या नव्हत्या, आणि आपण काय सांगतोय याचा पुरावा त्यांच्यापाशी होता. इंग्लंडच्या परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही पुराव्याच्याच बळावर बाजू मांडली. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक दगावले, हे त्यांनी १८५८ मध्ये रंगीत आकृती काढून राज्यकर्त्यांपुढे ठेवलं.

लोणीच्या वॉर्डातल्या सिस्टरलाही हे जमण्यासारखं आहे. डिस्चार्जला किती वेळ लागतो, याची महिनाभर वहीत नोंद ठेवायची. बैठकीआधी दोघी-तिघींशी बोलून घ्यायचं. एकीने मांडायचं, दुसरीने "हो, माझ्याकडेही असंच होतं" म्हणून दुजोरा द्यायचा. आणि खुर्चीत बसलेल्यांचंही काम आहे: सूचना इतिवृत्तात मांडणारीच्या नावासकट लिहायची, पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून त्या सूचनेचं काय झालं ते सांगायचं, आणि नाकारली असेल तर कारणही तिथेच द्यायचं. यासाठी ना वेगळा निधी लागतो, ना वरून आलेला आदेश. येत्या मासिक सभेतच हे सुरू करता येईल.