दयेच्या शेजारचा शब्द

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३

मंडळी, सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत दैवी संपत्तीचे २६ गुण सांगतात. यादी अभयापासून सुरू होते. त्यात सोळावा गुण आहे दया, म्हणजे सगळ्या भूतमात्रांविषयीची दया. तिला अगदी लागून सतरावा गुण येतो अलोलुपता. म्हणजे हाव नसणं, भोगाची वस्तू समोर असतानाही मन तिकडे न ओढलं जाणं. रोजच्या पाठात ही यादी आपण भरभर म्हणून जातो. आज मी या दोन शब्दांपाशी थांबलो. दयेच्या शेजारी अलोलुपता कशाला? हाव सुटण्याचं नातं दानाशी, त्यागाशी असेल, पण दयेत हाव कुठून आली?

गेले काही दिवस रात्री ऑफिसचं काम आवरलं की मी अमेरिकेतल्या जंगली घोड्यांविषयी वाचतोय. त्या वाचनात मला या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं.

या घोड्यांना मस्टँग म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश. अर्थ असा की चुकार जनावर, ज्याला कुणी धनी नाही. आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, अनाथ. ज्याला नाथ नाही तो. घोड्यांचे पूर्वज उत्तर अमेरिकेतलेच, पण सुमारे १० हजार वर्षांपूर्वी ते तिथून नाहीसे झाले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून घोडे पुन्हा तिथे नेले. त्यातले काही पळाले, काहींना पुढे मालकांनी सोडून दिलं, आणि पश्चिमेकडच्या कोरड्या माळांवर त्यांचे कळप झाले. विसाव्या शतकात यंत्रं आली, घोड्याची गरज संपली. मग माणसं विमानं आणि ट्रक घेऊन या कळपांच्या मागे लागली. पकडलेले घोडे कत्तलखान्यात जायचे आणि त्यांच्या मांसाचं कुत्र्यामांजरांचं खाणं व्हायचं.

१९५० सालची गोष्ट. नेवाडा राज्यात वेल्मा जॉन्स्टन नावाची एक बाई नोकरीवर चालली होती. पेशाने सेक्रेटरी, लहानपणी पोलिओ झालेला. पुढे चाललेल्या ट्रकमधून तिला रक्त ठिबकताना दिसलं. ती त्या ट्रकच्या मागे गेली आणि आत काय आहे ते पाहिलं. त्यानंतर तिने हा विषय सोडलाच नाही. विरोधक तिला चेष्टेने 'वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी' म्हणायचे, तर तिने तेच नाव घेतलं. तिच्या प्रयत्नांमुळे १९५९ मध्ये सरकारी जमिनीवर गाड्या-विमानांनी घोडे पकडायला आणि त्यांच्या पाणवठ्यात विष कालवायला बंदी आली. मग देशभरातल्या शाळकरी मुलांनी पत्रं लिहिली आणि १९७१ मध्ये या घोड्यांच्या संरक्षणाचा मोठा कायदा झाला. १९७७ मध्ये ती गेली.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज हे लिहिलं नसतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट चांगली माहीत असते. गो-लाइव्हच्या दिवशी केक कापला जातो आणि खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. कायदा झाला, घोडे वाचले, आणि मग ते वाढले. मोकळा कळप दरवर्षी १५ ते २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. सरकारी हिशोबाने त्या जमिनीला साधारण २७ हजार घोडे आणि गाढवं पेलतात. २०२४ मध्ये मोजली तेव्हा ती सुमारे ७३ हजार होती. गवत आणि पाणी तेवढंच, त्यावर हरणांचा, रानमेंढ्यांचा, गुराख्यांच्या गाईंचाही वाटा. म्हणून सरकार हेलिकॉप्टरने कळप हाकून पकडतं. नर, माद्या, शिंगरं वेगवेगळी होतात. मानेवर डावीकडे डाग देऊन खूण केली जाते आणि ते कोंडवाड्यात जातात. असे ६० हजारांहून जास्त घोडे आज सरकारी सांभाळात आहेत.

त्यातले काही लोक दत्तक घेतात. पण तरुण, देखणा, शिकवता येईल असा घोडा आधी जातो. आणि इथे मला एक कलम वाचायला मिळालं, ते वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. २००४ मध्ये कायद्यात एक दुरुस्ती झाली. ज्या घोड्याचं वय दहाच्या वर आहे, किंवा ज्याला तीनदा दत्तकासाठी ठेवूनही कुणी घेतलं नाही, तो कुठल्याही अटीशिवाय विकता येईल. अट नाही म्हटल्यावर विकत घेणारा त्याचं काय करेल हे सांगायला नको. पुढे खर्चाच्या कायद्यांत कत्तलीसाठी विक्रीला पैसा वापरायचा नाही अशी तरतूद होत राहिली, म्हणून ते बऱ्याच अंशी टळलं. पण विचार करा, तीनदा नाकारला म्हणून त्याची किंमत संपली. हे कलम कुण्या राक्षसाने लिहिलेलं नाही. तुमच्या-माझ्यासारख्या हिशोबी माणसांनीच लिहिलं.

आता अलोलुपतेकडे येतो.

डेटन हाइड हे लेखक आणि पशुपालक. त्यांनी असे मस्टँग सरकारी कोंडवाड्यात उभे असलेले पाहिले. त्यांनी १९८८ मध्ये साउथ डकोटात ब्लॅक हिल्सच्या भागात जमीन मिळवली आणि नको असलेल्या घोड्यांसाठी अभयारण्य सुरू केलं. सुमारे ११ हजार एकर. तिथे आलेल्या घोड्याने काही करायचं नाही. कुणाला पाठीवर घ्यायचं नाही, गाडी ओढायची नाही. जवळ येऊन हातातून गूळ खाल्लाच पाहिजे असंही नाही. त्याने चरायचं, पळायचं, म्हातारं व्हायचं. कॅलिफोर्नियात नेडा डिमेयो यांची 'रिटर्न टू फ्रीडम' ही संस्था आहे. ती तर पकडताना तुटलेली घोड्यांची कुटुंबं आणि कळप एकत्र राहतील हे बघते.

आपण कुणाला मदत करतो तेव्हा मनात कुठेतरी एक खातं उघडलेलं असतं. त्याने निदान कृतज्ञ असावं, आपल्याकडे प्रेमाने पाहावं, चार लोकांत आपलं नाव घ्यावं. पैशाची हाव सोडणं त्या मानाने सोपं, ही हाव अवघड. मस्टँग यातलं काहीच देत नाही. तुम्ही त्याला वाचवलंत हे त्याला माहीतही नसतं. तुम्हाला पाहिलं की तो लांब पळतो, आणि तो लांब पळू शकतो हेच तुमच्या सेवेचं फळ. माझ्या मते म्हणूनच भगवंतांनी दयेला लागून अलोलुपता ठेवली. त्या शेजाराशिवाय दया हळूहळू मालकी होऊन बसते.

घोड्यांची दया कशी करायची हे भगवंतांनी स्वतः करून दाखवलंय. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाचा दिवस आठवा. सूर्य मावळायच्या आत प्रतिज्ञा पुरी करायची आहे. एकेक क्षण मोलाचा. आणि घोडे थकलेत, अंगात बाण रुतलेत. अशा वेळी भर रणात रथ थांबवला जातो. अर्जुन खाली उतरून एकटा सैन्याला अडवतो, बाणांनी जमीन भेदून पाणी काढतो, बाणांचाच निवारा उभा करतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडतात, त्यांच्या अंगातले बाण उपसतात, अंग चोळतात, त्यांना पाणी पाजतात, चारा देतात. शत्रूचे सैनिक बघतच राहतात. ज्याच्याकडे वेळ नव्हता त्याने वेळ काढला. आपल्याकडे 'वेळ नाही' हे किती सहज तोंडात येतं ना?

या कथेत अजून एक गोष्ट आहे. श्रीकृष्णांना घोड्यांचा नुसता कळवळा आला नाही. कोणी लढायचं, कोणी बाण काढायचे, पाणी कुठून आणायचं, सगळी व्यवस्था लागली. दयेला व्यवस्था लागते. एक घोडा दिवसाला साधारण ८ किलो वाळलेला चारा खातो. म्हणजे वर्षाला जवळजवळ ३ टन. शंभर घोडे म्हणजे ३०० टन, आणि घोडा २५ वर्षं सहज जगतो. तेवढी वर्षं पाऊस पडो न पडो, देणगी येवो न येवो, चारा लागणारच. २०१६ मध्ये साउथ डकोटातल्याच दुसऱ्या एका अभयारण्यात शेकडो घोड्यांची उपासमार झाली, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं आणि इतर संस्थांनी ते घोडे वाटून घेतले. सुरुवात दयेनेच झाली होती. पण आणखी एक, आणखी एक असं आत घेत जाणं हीसुद्धा एक हावच, पुण्याची हाव.

सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना भगवंत दोन गोष्टी एकत्र सांगतात. जो परतफेड करणार नाही त्याला द्यावं, आणि देश, काळ, पात्र बघून द्यावं. मन मोठं हवं आणि हिशोबही चोख हवा. म्हणून शहाणी अभयारण्यं घोड्यांना गर्भनिरोधक लस देतात, चाऱ्याची तजवीज आधी करतात, आणि जागा भरली की 'नाही' म्हणतात. त्या 'नाही'मुळे दाराबाहेर एक घोडा राहतो. हे दुःख खरं आहे, त्यावर गोड मुलामा देता येत नाही. आतल्याला दिलेला शब्द मोडून बाहेरच्याला आत घेता येत नाही, एवढंच म्हणता येतं. बाहेरच्यासाठी मग दुसरं कुरण शोधायचं, दुसरा माणूस उभा करायचा.

आपल्या भाषेत अशा जागेला अभयारण्य म्हणतात. दैवी संपत्तीतला पहिलाच गुण त्या शब्दात आहे. आपल्याला कुणाचं भय नसावं हा अभयाचा अर्धा अर्थ. आपलं भय कुणाला नसावं हा उरलेला अर्धा, आणि तो जास्त कठीण.

आपल्यापैकी बहुतेकांकडे ११ हजार एकर नाहीत, दोन बीएचके आहे. पण तीनदा नाकारलेलं कुणीतरी आपल्या ओळखीत नक्की आहे. निवृत्त झाल्यावर ज्यांना कुणी फोन करत नाही असे काका. लग्न मोडून माहेरी आलेली बहीण. प्रत्येक मुलाखतीत मागे पडणारा भाऊ. त्यांना सल्ला नको असतो. आपल्या घरात त्यांनी मोकळं बसावं, आणि बसल्याबद्दल काही द्यावं लागू नये, एवढं पुरतं.

आजचा संकल्प: आज अशा एका माणसासाठी काहीतरी करायचं, पुढच्या आठवड्यातही जमेल एवढंच करायचं, आणि ते कुणाला सांगायचं नाही.

हे अनाथांच्या नाथा, आमची दया हावरी होऊ देऊ नकोस. ज्याला आम्ही वाचवू तो आमचा न होता तुझाच राहू दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥