सृष्टीची उत्पत्ति व जन्माचा हिशेब

कांहीं वर्षांपूर्वीं सदाशिव पेठेंत एका आप्तांच्या घरीं बारशाच्या निमित्तानें जाण्याचा प्रसंग आला. मुलगी गुटगुटीत, परंतु जन्मांध होती. जमलेल्या वडीलधाऱ्या बायकांपैकीं एकीनें पाळण्याकडे पाहून, अगदीं कळवळ्यानें, ‘मागल्या जन्मींचं कांहीं राहिलं असेल, तें फेडायला आली बिचारी,’ असे उद्गार काढले. त्यांत दुष्टावा मुळींच नव्हता. आपल्याकडे सांत्वनाची भाषाच तशी आहे. मंडळी पांगल्यावर बाळाची आई, जी नात्यानें माझी पुतणी, जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘काका, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत. हिनं कधी केलं असेल हो पाप?’ मला उत्तर सुचलें नाहीं. तो प्रश्न पुष्कळ दिवस मनांत घोळत राहिला, आणि त्याचा माग काढतां काढतां मी ख्रिस्ती धर्मांतील सृष्ट्युत्पत्तीच्या विचारापाशीं येऊन पोहोंचलों.

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित होता असें नाहीं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत तो उघड उपस्थित केला आहे. ईश्वरानें जग निर्माण केलें म्हणावें, तर कोणी सुखांत जन्मतो, कोणी दुःखांत. मग ईश्वरावर पक्षपाताचा व निर्दयतेचा दोष येत नाहीं काय? शंकराचार्य भाष्यांत पर्जन्याचा दृष्टांत देतात. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. भात उगवणार कीं जव, हें बीजावर अवलंबून. तें बीज म्हणजे जीवाचें कर्म. पहिलें कर्म कोठून आलें असें विचारावें, तर संसार अनादि असल्यामुळें पहिलें असें कर्मच नाहीं. उत्तर मोठ्या कौशल्याचें आहे. ईश्वर त्यांतून निर्दोष सुटतो. परंतु तो सुटला कीं आरोपीच्या पिंजऱ्यांत दुसऱ्या कोणास तरी उभें करावें लागतें, आणि त्या दिवशीं तेथें पाळण्यांतलें मूल उभें होतें.

याच्या उलट टोंकाचा विचार मराठींत विस्तारानें मांडला गेला तो गोमंतकांत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला, आणि १६१६ सालीं त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. सुमारें ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागांत जगाच्या व मनुष्याच्या उत्पत्तीची कथा येते. स्वर्गास तो बेधडक वैकुंठ म्हणतो. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यांत त्याची देवनागरी आवृत्ति काढली. त्या काळचें गोव्यांतील धर्मांतर कोणत्या दडपणाखालीं झालें, हें विसरून हा ग्रंथ वाचतां येत नाहीं. तरीहि ओवीच्या ओघांत ती कथा ऐकतांना ती परकी वाटत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

मात्र शब्द घरचे असले तरी कल्पना परकीच होती. मातीवांचून घट नाहीं, तिळांवांचून तेल नाहीं, या विचारांत वाढलेल्या मनाला शून्यांतून जग झालें हें ऐकूनच धक्का बसतो. बायबलाच्या पहिल्या पुस्तकास मराठींत ‘उत्पत्ति’ असें नांव पडलें. परंतु आपल्याकडे उत्पत्ति म्हटली कीं बीजापासून अंकुराची किंवा गाईपासून वासराची. उत्पन्न तर जमिनीचेंहि येतें. मूळ हिब्रूंत जें ‘बारा’ हें क्रियापद आहे, तें ईश्वरावांचून दुसऱ्या कोणाच्या कृतीस लावीत नाहींत. ही अडचण नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांना चांगली कळली होती. काशीस वाढलेला हा चित्पावन शास्त्री १८४८ सालीं ख्रिस्ती झाला, आणि पुढें त्यानें हिंदींत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून दर्शनांशीं त्यांच्याच परिभाषेंत वाद घातला. जीव अनादि, कर्म अनादि, जगाचें उपादान अनादि. मग ईश्वराकडे उरलें तें काय, केवळ हिशेबनिसाचें काम? गोऱ्यांच्या आक्षेपाचा गाभा मला तरी असा दिसतो. त्यांचीं सर्व खंडनें मला मान्य नाहींत. हा मात्र टोंचतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सहा दिवसांच्या कथेस मी इतिहास समजत नाहीं. इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढ्यांनीं ख्रिस्तपूर्व ४००४ हें आर्चबिशप अशरनें ठरविलेलें जगाच्या जन्माचें साल वाचून पुष्कळ करमणूक करून घेतली आहे. विश्वाचें वय आज सुमारें १,३८० कोटि वर्षें धरतात. परंतु तेराव्या शतकांतील थॉमस ॲक्विनास यानेंच स्पष्ट म्हटलें आहे कीं, जगाला आरंभ होता हें केवळ बुद्धीनें सिद्ध करतां येत नाहीं. जग अनादि असतें तरीहि तें निर्मितच असतें, कारण निर्मिति याचा अर्थ, प्रत्येक क्षणीं आपलें अस्तित्व दुसऱ्याकडून मिळणें. विश्वाच्या स्फोटात्मक आरंभाची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक पाद्री होता. तरी १९५१ सालीं पोपनें त्या कल्पनेची सांगड धर्माशीं घातली, तेव्हां त्याला तें रुचलें नाहीं. आपल्या पुण्यांत राहिलेले जयंत नारळीकर त्या सिद्धांताचे अखेरपर्यंत टीकाकार होते. त्यांचें म्हणणें खरें ठरलें असतें, तरी ॲक्विनासचें कांहीं बिघडलें नसतें.

तात्पर्य, प्रश्न आरंभाच्या तारखेचा नसून जन्माच्या अर्थाचा आहे. निर्मात्यावर निर्मितीची सक्ति नव्हती, आणि निर्माण होण्यापूर्वीं जीव नव्हताच, असें मानलें तर जन्म ही कमाई होत नाहीं, शिक्षाहि होत नाहीं. जो नव्हताच, त्याच्या नांवावर मागील बाकी कसली? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एक जन्मांध मनुष्य आहे. त्याला पाहून शिष्य येशूला विचारतात कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रश्न सदाशिव पेठेंतलाच! येशू सांगतो, दोघांचेंहि नाहीं. पुढें तो जें कारण देतो, त्यानें माझें समाधान होत नाहीं. परंतु त्या नकारापाशीं मी पुष्कळ वेळ थांबलों.

जन्मानें मनुष्याची योग्यता ठरत नाहीं, हें पुण्यांत कठोर शब्दांत सांगणारे जोतीराव फुले (१८२७–१८९०) स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. ते ख्रिस्ती झाले नाहींत. पण ईश्वरास त्यांनीं ‘निर्मीक’ हें नांव दिलें, आणि ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्यें ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून वर्ण जन्मल्याच्या कथेची निर्दय थट्टा केली. एकच निर्माता असेल, तर मुखाची व पायांची मिरासदारी कोठून येणार? दुष्काळांत आईबाप गमावलेल्या पंडिता रमाबाईंनीं (१८५८–१९२२) केडगांवच्या मुक्तिसदनांत अंध मुलींसाठीं वेगळें बर्तिमी-सदन उभारलें. त्या मुलींनीं काय फेडावयाचें राहिलें होतें, असें तेथें कोणी विचारल्याचें मीं वाचलें नाहीं.

पण चित्र इतकें सरळ नाहीं. आदामाचें पाप जन्मतःच प्रत्येकाच्या माथीं असतें हें मत ख्रिस्ती लोकांचेंच. ऑगस्टीननें तर बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या तान्ह्या मुलांनाहि दंडास पात्र ठरविलें. म्हणजे पुढच्या दारानें घालविलेला हिशेबनीस मागच्या दारानें पुन्हां आंत आला. एका आदामाचीं लेकरें म्हणविणाऱ्या गोव्यांतील ख्रिस्ती समाजांत बामण व चारडो हे भेद टिकून राहिले. आणि सर्वांत मोठी अडचण ती वेगळीच. कर्मवाद दोष देतो, पण कारण सांगतो. निर्मितिवाद दोष देत नाहीं, पण कारणहि सांगत नाहीं. कारणावांचून जगणें बुद्धीला जड जातें. तरीहि निरपराध मुलावर आरोप ठेवून मिळविलेल्या कारणापेक्षां मला अज्ञान पत्करतें. हें मत तर्कानें सिद्ध केलें, असा माझा दावा नाहीं.

पुढें एकदां पुतणीकडे गेलों असतां योहानाची ती कथा मीं तिला सांगितली. तिनें शेवटपर्यंत ऐकली, आणि विचारलें, ‘मग त्या माणसाला पुढं दिसायला लागलं का?’ मीं होय म्हटलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली. ‘आणि हिला?’ असें म्हणून ती माझ्याकडे पाहूं लागली. इतक्यांत आंत मुलीनें हांक मारली, तशी ती उठून गेली.