रक्तातली चमचाभर साखर

पाठ टेकवून बसा. हात मांडीवर सैल सोडा. या घडीला तुमच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर साखर आहे, ४-५ ग्रॅम. मन तिच्यावर आणा.

श्वास आत घ्या. निरोगी पेशीत या साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, एक रेणू या श्वासातल्या ऑक्सिजनने पुरता जळला, की एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे ३० रेणू हाती येतात. श्वास सोडा. त्या ग्लुकोजमधला कार्बन असाच बाहेर पडतो.

आता कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीकडे वळा. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप तपासले. ऑक्सिजन भरपूर असतानाही ते ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करून टाकत होते. या वाटेने एटीपी मिळतात फक्त २. या पेशींचं श्वसनच बिघडलंय, असं त्यांना वाटलं. पुढे कळलं, बहुतेक गाठींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली श्वसनाची केंद्रं, काम करत असतात. मग इतकी साखर कशाला? एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर डीएनए हवा, पटलांसाठी मेद हवा. घर बांधायला काढलं, की सगळं लाकूड चुलीत घालून चालत नाही. इथे जरा थांबा.

पेट स्कॅनमध्ये ही भूक दिसते. शिरेतून ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य देतात आणि तासभर न बोलता, न हलता पडून राहायला सांगतात. पेशी ते आत ओढतात, पण पुढे जाळू शकत नाहीत, ते तिथेच अडकतं. गाठ उजळते. मेंदूही उजळतो. हे दुसरं वाक्य मनात राहू द्या.

म्हणून चहातली साखर तोडली, भात बंद केला, तरी गाठ उपाशी पडत नाही. मेंदूसाठी यकृत रक्तातली साखर टिकवून धरतं. साठा संपला की स्नायूंच्या मोडलेल्या प्रथिनांतून ग्लुकोज बनवतं. गाठ ग्लुटामिन या अमिनो आम्लावरही वाढते. वजन आणि इन्शुलिन आवाक्यात ठेवणं मोलाचं आहे, पण ती वेगळी गोष्ट. उपासाने आधी खंगतो तो रुग्ण.

केमो चालू असलेलं ओळखीचं कुणी असेल, तर त्यांचा चेहरा आठवा. आज काय खावंसं वाटतंय, ते त्यांना विचारा. मधुमेह असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या, पण वाढा.